एका नजरेपुरतं

१

बुधवारी आमच्याकडे शाळा दुपारी साडेबाराला सुटते, आणि बुधवार हा आज्यांचा. असा कायदा नाही, पण गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा. आई कामावर, बाप कामावर, पोर ओमाकडे, म्हणजे आजीकडे. माझ्या नातीचा, हिस्केचा, बुधवार ती शाळेत जायला लागल्यापासून माझा होता. सकाळी उठून मी आधी पुढची काच धुवायचे. मग पाव आणायचे, लोणी आणि चॉकलेटचे दाणे काढून ठेवायचे आणि बाराला घरातून निघायचे. शाळा गल्लीच्या टोकाला, दोन मिनिटांवर. तरी बाराला निघायचे. उशिरा येणारी ओमा मला व्हायचं नव्हतं.

काच धुवावीच लागते. आमच्या गल्लीत पुढच्या खिडकीला पडदा लावत नाहीत. लावला की लोक म्हणणार, एवढं लपवण्यासारखं काय आहे बाई हिच्याकडे? घरं अशी की पुढची आणि मागची खिडकी एका रेषेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला बैठकीच्या खोलीतून थेट मागच्या परसातलं झाड दिसतं. जाणाऱ्याने एकदा आत बघायचं, मान हलवायची आणि पुढे जायचं. न बघता जाणं उर्मटपणाचं, आणि उभं राहून बघणं त्याहून वाईट. लहानपणी आई मला हाताला धरून चालायची आणि हळूच म्हणायची, "बघ, हस, चाल."

यातलं हसणं मला जरा अवघड जातं. तिशीत एका सकाळी उठले तर तोंडाची डावी बाजू खाली आलेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. थोडी आली, बाकीची राहिली. तेव्हापासून मी हसले की लोकांना वाटतं मी त्यांची टर उडवतेय, आणि गप्प बसले की वाटतं मला कसला तरी वास येतोय. नगरपालिकेत मी नागरिकांच्या खिडकीवर बसायचे. साहेबांनी फार गोडीत मला मागच्या खोलीत हलवलं. "झीना, तुझं काम उत्तम आहे गं, पण लोक बिचकतात." बाकीची सगळी नोकरी मागच्या खोलीत गेली.

हिस्केही बिचकायची. शाळेच्या फाटकातून बाहेर आली की तिला आधी माझा चेहरा दिसायचा आणि तिचे खांदे वर जायचे. मग ओळख पटायची आणि ती पळत यायची. अर्ध्या क्षणाचीच गोष्ट. पण दर बुधवारी व्हायची, आणि दर बुधवारी मला लागायची.

२

वसंतात समोरच्या रिकाम्या घरात बिऱ्हाड आलं. सामानाची गाडी मी पाहिली नाही. मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हाच आली असणार. परत आले तर दारावर पितळी पाटी, 'रोझेनदाल', आणि खिडकीत ती.

दिसायला काय होती सांगू? सुंदर नव्हे. सुंदर बाईकडे लोक संशयाने बघतात. ही चांगली दिसायची. करड्या केसांचा अंबाडा, निळा स्वेटर, गालावर थोडी लाली, आणि डोळे असे की तुम्ही कालच तिला काहीतरी मनातलं सांगितलंय आणि तिने ते जपून ठेवलंय. खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेली असायची. मागे दिवा, बाजूला पांढरी ऑर्किडं, कपातून वाफ. कोणी जायला लागलं की मान वर करायची, हसायची, हात उंचवायची. बस्स. तेवढ्यावर आख्खी गल्ली पाघळली.

माझ्या शेजारी हार्म राहतो. कालव्यावरचा पूल उघडायचं काम करायचा, आता निवृत्त. तो टेक्सल बेटावर बहिणीकडे जायचा तेव्हा त्याची किल्ली माझ्याकडे असायची. किती वर्षं, आता मोजतही नाही.

"झीना, माझी किल्ली दे बरं," तो एका सकाळी म्हणाला.

"का? निघालायस ना तू? झाडांना पाणी कोण घालणार?"

"रोझेनदाल बाई घालतील. तुला कशाला त्रास?"

"मला त्रास होतो असं कधी म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तोंडावर दिसतंच की." मग त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. "तसं नव्हे गं म्हणायचं मला."

"तुझ्या तोंडावर काय दिसतंय ते सांगू? म्हाताऱ्याला मिसरूड फुटलंय."

तो हसत हसत किल्ली घेऊन गेला. मला काही हसू आलं नाही. ही बाई कानामागून आली आणि तिखट झाली. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, जातील. ते काही गेले नाहीत.

३

जूनमध्ये मार्लूस आली, माझी मुलगी, हिस्केची आई. सायकल भिंतीला न टेकवता हातातच धरून दारात उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी नकोसं ऐकायचंय.

"आई, बुधवारचं जरा बोलायचं होतं."

"बोल. सायकल तरी ठेव."

"नको, निघायचंय लगेच. अगं, बुधवारी हिस्केला रोझेनदाल बाई सांभाळतील. तुझे गुडघे पण दुखतात हल्ली..."

"माझे गुडघे तुझ्याकडे आले होते का तक्रार घेऊन?"

"झालं. लगेच तोंड वाकडं केलंस."

"मी केलं नाही, मार्लूस. ते तसंच आहे."

ती लाल झाली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "हिस्के तुला घाबरते गं. फार नाही, पण घाबरते. झोपताना सांगते मला. आणि त्या बाईंच्या खिडकीपाशी आम्ही पोचायच्या आधीच हिचा हात वर! पोरांना कळतं आई, माणूस कसा आहे ते."

"पोरांना कळतं? तुला तिच्या वयाची असताना तो आइस्क्रीमवाला देवमाणूस वाटायचा. पुढे त्याला पोलीस घेऊन गेले."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," ती म्हणाली आणि सायकलवर बसली.

शाळेचंही काही म्हणणं नव्हतं. मला दुपारच्या डब्याच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायला जायचं होतं, तेव्हा ह्याच मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणवला होता, आणि दाखला बघूनही "कळवू" म्हणाल्या होत्या. रोझेनदाल बाईंचं नाव निघाल्यावर म्हणाल्या, "त्या खिडकीतल्या? मग प्रश्नच नाही."

आता बुधवारी हिस्के शाळेतून एकटी निघायची, माझ्या दारावरून जायची आणि रस्ता ओलांडून समोरचं दार ढकलून आत शिरायची. ते दार नुसतं लोटलेलं असायचं. थोड्या वेळाने ती खिडकीत दिसायची, त्या बाईच्या मांडीवर.

मला मत्सर वाटत होता. आडून आडून कशाला सांगू, सरळ मत्सर. आयुष्यभर खपून, भांडी घासून, किल्ल्या सांभाळून, आजारपणं काढून जे मी थोडंथोडं मिळवलं होतं, ते ह्या बाईने खुर्चीतून न उठता घेतलं. पावाचं पाकीट मी तरीही बुधवारी आणायचे. रात्री एकटीच खायचे.

४

मग मी तिच्यात खोट शोधायला लागले. माझ्या खिडकीतून तिची खिडकी सरळ दिसते. विणकाम हातात घेऊन बसायचे, म्हणजे कोणी म्हणू नये ही टक लावून बसते.

धूळ सापडली नाही. ऑर्किडाचं एक फूल गळेना. खोटी फुलं असणार, मी मनाशी म्हटलं, आणि दोन दिवस त्यावर खूश होते. मग लक्षात आलं ते कपाचं. मी सकाळी बघितलं तेव्हा वाफ होती, दुपारी बघितलं तेव्हा होती, संध्याकाळी दिवे लागले तेव्हाही तशीच, तेवढीच. थर्मासमधून ओतून घेत असेल, म्हटलं. पण ओतताना मी तिला पाहिलं नाही. खुर्चीतून उठताना पाहिलं नाही. आणि पुस्तकाचं पान उलटताना तर मुळीच नाही.

अर्थात मी काही चोवीस तास पहारा देत नव्हते. माणूस नेमकं आपण सुईवरचे टाके मोजत असतो तेव्हाच पान उलटतो, असंही होतंच.

हार्म परत आला होता. मी त्याला गाठलं.

"तू गेलायस का रे कधी तिच्या घरात?"

"म्हणजे काय? कितीदा तरी."

"कुठे बसलास?"

"बसलो... तिथेच. तिच्या खुर्चीसमोर."

"तिच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची नाहीये."

"मग उभा असेन. काय चौकशी लावलीयस?"

"कॉफी कशी होती?"

"चांगली होती. तिच्याकडची वाईट कशी असेल?"

"आणि आवाज? आवाज कसा आहे तिचा?"

"गोड," तो म्हणाला. मग त्याने कपाळाला आठ्या घालून समोर बघितलं. "गोडच असणार की."

"किल्ली कशी दिलीस तिला?"

"पत्रं टाकायच्या फटीतून टाकली. ती खिडकीत होती. हसली ना माझ्याकडे बघून!" मग तो चिडला. "रोज तर तिचं घर बघतो आपण, झीना. आख्खं घर उघडं असतं तिचं. आत जाऊन आणखी काय बघायचंय?"

मी गल्लीतल्या आणखी दोघीतिघींना असंच सहज विचारलं. सगळ्या जाऊन आल्या होत्या. कुठे बसल्या, ते एकीलाही आठवेना. काचेतून रोज दिसणाऱ्या खोलीत आपण कधीतरी बसलोच असणार, असं प्रत्येकीने धरून चाललं होतं.

त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती. मला झाला तो आनंद. सापडली, म्हटलं. सापडलीस बाई.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं शाळेत आणि माणसं कामावर गेल्यावर मी रस्ता ओलांडला आणि तिच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले.

आमच्याकडे हे कोणी करत नाही. माझेच पाय मला पुढे ढकलत होते, "चाल, चाल" म्हणत होते. मी नाही चालले.

तिने मान वर केली. हसली. हात उंचवला. मी मान हलवली आणि उभीच राहिले.

एवढं झाल्यावर माणूस काय करतं? हात खाली घेतं. भुवया उंचावतं. पुस्तक मिटतं, दारात येतं, "काही हवंय का?" विचारतं. अगदी शालीन बाई असली तरी अवघडून इकडेतिकडे बघते. ती हसतच राहिली. हात तसाच वर. चेहऱ्यावर राग नाही, प्रश्न नाही, काही नाही. हसणं कमी होईना, आणि वाढेनाही. माझं डोकं मला समजावत होतं, अगं, तू जायची वाट बघतेय बिचारी. हात दुखत असेल तिचा. मला स्वतःला हसू धरून ठेवणं किती जड जातं ते माहीत आहे. गाल थरथरतो. तिचा गाल थरथरत नव्हता.

मागच्या काचेतून तिच्या परसातलं नाशपातीचं झाड दिसत होतं. वाऱ्याने माझ्या अंगावरचा कोट फडफडत होता आणि त्या झाडाचं पान हलत नव्हतं.

"काय गं, पुतळा झाला का तुझा?" हार्म मागून ओरडला.

मी दचकून त्याच्याकडे वळले. परत बघितलं तेव्हा ती पुस्तकात बघत होती. मग तिने मान वर केली. हसली. हात उंचवला. मघासारखाच, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथून रस्ता दिसत नाही. मला कळलं होतं आणि शब्दांत मांडता येत नव्हतं. तिथे एका नजरेपुरतं सगळं होतं. दुसऱ्या नजरेसाठी काहीच ठेवलेलं नव्हतं.

६

रविवारी मार्लूस आणि हिस्के माझ्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला आल्या. हिस्के टेबलाशी ताठ बसली होती, हात मांडीवर. पूर्वी सूप तिच्या हनुवटीला, बाहीला, मांजराला, सगळ्यांना लागायचं. आज एक डाग नाही.

मार्लूस फोनवर बोलायला परसात गेली तशी मी खुर्ची पुढे ओढली.

"बुधवारी काय करता गं तुम्ही?"

"बसतो."

"खेळत नाही?"

"खेळल्यासारखं बसतो."

"खायला काय देतात त्या?"

तिने आठवून बघितलं. "बशी असते."

"आणि स्वयंपाकघर कसं आहे त्यांचं?"

"तिथपर्यंत पोचत नाही ओमा आपण," हिस्के म्हणाली. लहान मुलं समजावून सांगतात तशा सुरात. "खिडकीतच असतं सगळं."

"बाळा, त्या बोलतात का तुझ्याशी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं व्हायला लागलं, आणि मी हात पुढे केला. तेवढ्यात मार्लूस आत आली. हिस्केने तिच्याकडे बघितलं आणि हसली. नुसती हसली नाही, लगेच, पूर्ण हसली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं.

मी मार्लूसला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कप, पान, हात, हार्मची खुर्ची. माझ्याच कानांना ते किती खुळचट वाटत होतं ते मला कळत होतं.

"म्हणजे एक बाई तुझ्याकडे बघून हसली," मार्लूस म्हणाली. "हा तिचा गुन्हा."

"ती थांबली नाही, मार्लूस! तू बोललीयस का तिच्याशी? खरं सांग. तोंडाने बोललीयस? बुधवारचं कसं ठरलं तुमचं?"

"ठरलं म्हणजे... मी हिस्केला घेऊन उभी होते खिडकीसमोर, त्यांनी बघितलं..." ती क्षणभर अडखळली. तेवढाच एक क्षण मला मिळाला होता. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, ह्या ओढलेल्या कोपऱ्याकडे, आणि तिचा चेहरा बंद झाला. "जळतेस तू तिच्यावर. सरळ आहे. तुला कोणी चांगलं दिसलं की तुझ्या पोटात दुखतं. हे असंच चालणार असेल तर आम्ही रविवारी पण येणार नाही."

खोटं काय होतं त्यात? मी जळतच होते. खरं सांगायला मी गेले आणि माझ्याकडे ते सांगायला चेहरा नव्हता.

७

बुधवार आला. पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. हिस्के माझ्या दारावरून गेली, समोरचं दार ढकललं, आत गेली. मी कोट चढवला.

आमच्याकडे पुढच्या दाराने येतो तो पाहुणा. जवळचं माणूस मागून येतं, परसदाराने, न विचारता. घरांच्या मागून एक अरुंद बोळ जातो, तिथून. रोझेनदाल बाईंकडे मागून कोणीही गेलं नव्हतं. एवढी लाडकी बाई, पण मागून जाण्याइतकं जवळचं कोणालाच वाटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि तेव्हाही मला आधी बरंच वाटलं.

बोळात कचऱ्याचे डबे होते, कुठेतरी कोंबड्या कुरकुरत होत्या. तिचं फाटक गंजलेलं होतं, रेटल्यावर उघडलं. आत नाशपातीचं झाड नव्हतं. नुसत्या फरश्या, शेवाळलेल्या, आणि आधीच्या भाडेकऱ्याची फुटकी बादली.

मागची काच मात्र स्वच्छ होती. मी जवळ गेले.

आत खुर्ची होती, दिवा होता, ऑर्किडं होती. खुर्चीत ती बसली होती. तोंड माझ्याकडे. तिने मान वर केली, हसली, हात उंचवला. मांडीवर हिस्के होती. तिचंही तोंड माझ्याकडे.

खुर्ची फिरवली असेल, मी म्हटलं. माझ्या चाहुलीने फिरवली असेल.

त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पुढची खिडकी दिसत होती, तिच्यापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे माझं घर. आणि रस्त्यात मार्लूस. कामावरून लवकर सुटली असावी. सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून ती खिडकीत बघत होती आणि हसत होती. समोरचं माणूस आपल्याकडे बघून हसलं की आपण हसतो, तशी. तिने हात हलवला. "हिस्के!" असं तिचे ओठ म्हणाले. कोणाच्या तरी हाताला उत्तर म्हणून तिने दोनदा हात हलवला.

माझ्यापुढे हिस्केचा चेहरा होता. दोन वेण्या पुढे सोडलेल्या, नाकावर शाळेतली खडूची रेघ. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा हात माझ्यासाठी वर होता.

मी काचेवर मूठ आपटली. काच वाजली नाही. भिंतीवर आपटावी तसा बोथट आवाज आला, हाताला विटेसारखं लागलं. मी दाराची कडी शोधली. दाराला कडी होती, पण ती हाताला सपाट लागली, नुसती रंगाने चितारलेली. मी "हिस्के! हिस्के!" ओरडले. कोंबड्या गप्प झाल्या. आतलं कोणी हललं नाही. पलीकडे मार्लूसने सायकल वळवली आणि ती बाजूला, दाराच्या दिशेने दिसेनाशी झाली. हिस्केचा हात तसाच वर राहिला, कारण मी अजून बघत होते.

८

बोळातून धावत, फेरा घालून मी पुढे आले तेव्हा त्या दोघी निघाल्या होत्या. मार्लूस एका हाताने सायकल ढकलत होती, दुसऱ्या हातात हिस्केचा हात. मला दिसत होतं ते पाठमोरं पोर. पिवळं जाकीट, जाकिटाची टोपी, दप्तराचा सुटलेला पट्टा. चालताना एक पाय जरा आत पडतो तिचा, तो पडत होता. सगळं होतं. मला रडू फुटलं. वेडी आहेस झीना, मी म्हटलं, मत्सराने वेडी झालीयस.

"हिस्के!"

ती वळली.

तिचे खांदे वर गेले नाहीत. माझा चेहरा, घामेजलेला, रडका, एका बाजूला गळालेला, तिने बघितला आणि ती हसली. त्याच क्षणी. आजवर कोणीही माझ्याकडे बघून असं हसलं नव्हतं. माझा नवरा नाही, माझी मुलगी नाही. आपण देखणे असतो तर जग आपल्याकडे कसं बघत असतं, ते मला उतारवयात, भर रस्त्यात कळलं.

"बघितलंस?" मार्लूसचा आवाज मऊ झाला होता. "किती खूश झाली तुला बघून! आई, तू रडतेयस? अगं... चुकलंच माझं. पुढच्या बुधवारी तूच आण तिला. खरंच."

मी हिस्केकडे बघत होते. ती हसत होती. वारा सुटला आणि तिच्या कपाळावरचे केस उडाले नाहीत. ती हसतच होती. आणखी जरा बघत राहिले असते तर मला मार्लूसला सांगावं लागलं असतं.

मी दुसरीकडे बघितलं. "येईन," म्हणाले. "बाराला निघेन."

आता बुधवार माझा आहे. हिस्के माझ्या पुढच्या खिडकीत बसते. जाणारे येणारे मान हलवतात, हात करतात, म्हणतात नात किती गोड आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही गोड म्हणायला लागलेत. पावासाठी काढलेले चॉकलेटचे दाणे संध्याकाळी मी परत बरणीत भरते.

परवा मार्लूस तिला न्यायला आली आणि निघेना. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आदल्या दिवशी हिस्केचं बोट गरम इस्त्रीला लागलं म्हणाली. मोठा फोड आलाय. "रडलीच नाही गं ती. माझ्याकडे बघून हसली." मग तिने माझे दोन्ही हात धरले. लहानपणी धरायची तसे. माझ्या चेहऱ्याकडे, सरळ, न बिचकता बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, तू खोटं बोलत नाहीस. बाकी सगळे गोड गोड बोलतात. तू सांग मला. हिचं काही बिघडलंय का?"

बाहेरच्या खोलीत हिस्के बसली होती. तिची पाठ आमच्याकडे होती की तोंड, ते मी वळून बघितलं नाही.

"काही नाही गं," मी म्हणाले. "बघ ना, किती छान दिसतेय."

आणि माझ्या मुलीचा माझ्यावर विश्वास बसला.